जसोंडीची रुंदी किती?

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीचे नाव संगणकाला किती लांब वाटते, असे विचारले तर कोणीही हसेल. नावाला कसली आली लांबी? पण गावांची यादी करून प्रत्येक गावापुढे आकडे छापायचे असतील आणि ते आकडे एकाखाली एक नीट यायला हवे असतील, तर सगळ्यात आधी याच प्रश्नाचे उत्तर लागते. आपल्या डोळ्यांना या नावात तीन अक्षरे दिसतात: ज, सों, डी. पायथन भाषेतल्या प्रोग्रामला विचारा, तो सहा सांगेल. त्याच्या लेखी ओकार वेगळा, अनुस्वार वेगळा, वेलांटी वेगळी. सी भाषेतला प्रोग्राम अठरा सांगेल. तो अक्षरे मोजतच नाही, बाइट मोजतो, आणि आज सगळीकडे रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर जागा मोजायचे जुने सूत्र लावले तर उत्तर येते पाच. अनुस्वार डोक्यावर बसतो म्हणून त्याला जागा नाही, ओकाराला आणि वेलांटीला मात्र एकेक घर. एकच गाव, मापे चार. आणि ज्याने त्याने आपल्या हिशेबाने बरोबरच मोजलेले आहे.

विषय किरकोळ वाटेल. प्रोग्राममधून माहिती साध्या मजकुराच्या तक्त्यात दाखवणे हे संगणक शिकणाऱ्या मुलाचे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातले काम असते. पण त्या कामाचा माल शेवटी पोहोचतो कुठे? केळीच्या हिशेबपट्टीवर, रेशन दुकानातल्या पावतीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी फिरणाऱ्या भावांच्या यादीत. तिथे आकडा कोणत्या नावापुढे आहे हे वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागत असेल, तर चूक आठवड्याभराच्या अभ्यासाची असली तरी तिचा भुर्दंड भलत्याच माणसाला पडतो.

असा तक्ता बनतो कसा, ते आधी पाहू. प्रत्येक रकान्याला काही घरे नेमून दिलेली असतात. गावाच्या नावाला बारा, वजनाला सहा, भावाला सहा, असे. नाव डावीकडे चिकटवायचे, आकडा उजवीकडे, आणि उरलेली घरे रिकाम्या जागांनी, म्हणजे स्पेसने, भरायची. शाळेत बेरीज मांडताना एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक लिहायला शिकवतात, तेच हे. सगळी इमारत एका गृहीतकावर उभी आहे: प्रत्येक अक्षराला एक घर, ना कमी ना जास्त. हे गृहीतक इंग्रजी टाइपरायटरच्या वळणाचे आहे. तिथे सडपातळ आय आणि लठ्ठ एम यांना सारखीच जागा मिळते. पुढे १९२८ साली आयबीएमने ऐंशी रकान्यांचे छिद्रांचे कार्ड आणले, आणि त्या ऐंशीने जे मूळ धरले ते आजवर सुटलेले नाही. १९७८ मधल्या व्हीटी-१०० या गाजलेल्या टर्मिनलचा पडदा ऐंशी घरे रुंद आणि चोवीस ओळी उंच होता. मोठ्या कार्यालयांतले प्रिंटर एकशे बत्तीस घरांचे असत. दोन्ही कडांना भोके असलेल्या कागदावर कर्र कर्र करत निघालेल्या त्या लांबच लांब याद्या पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असतील.

देवनागरी या घरांत राहायला तयार नाही. तिची मात्रा छपरावर चढते, उकार तळघरात उतरतो, ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनानंतर टंकली जाते आणि दिसते मात्र त्याच्या आधी. जोडाक्षर तर दोन-तीन भाडेकरूंनी मिळून घेतलेली एकच खोली.

तक्ता करून पाहिला की सगळे उघड होते. चार गावे घ्या: जसोंडी, बऱ्हाणपूर, शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले रावेर आणि इकडचे खकनार. नावाचा रकाना बारा घरांचा. पायथन जसोंडीची सहा चिन्हे मोजतो आणि सहा स्पेस घालतो. बऱ्हाणपूरची तो नऊ मोजतो आणि तीन घालतो. रावेर आणि खकनार प्रत्येकी पाच, म्हणून सात-सात. प्रत्येक दिसणाऱ्या अक्षराला एक घर धरले, तर जसोंडीची ओळ नऊ घरांवर संपते, बऱ्हाणपूरची आठावर, रावेरची दहावर आणि खकनारची अकरावर. चार ओळी आणि चारी आकडे वेगवेगळ्या जागी. प्रोग्रामने बाराचा शब्द चारही वेळा पाळला, म्हणून त्याला दोषही देता येत नाही. सी भाषेत तर आणखी मजा. तिथे चारही नावे बारा बाइटांपेक्षा मोठी भरतात, त्यामुळे स्पेस एकही पडत नाही आणि आकडा थेट नावाच्या अंगाला चिकटतो.

‘मग दिसणारी अक्षरे मोजा, झाले’ असे कोणी म्हणेल. दिशा बरोबर आहे, पण वाट वाटते तेवढी सरळ नाही. कुठे एक अक्षर संपते आणि दुसरे सुरू होते याचे नियम युनिकोडने घालून दिले आहेत. त्या नियमांत जोडाक्षर मधोमध तुटायचे. बऱ्हाणपूरमधला ‘ऱ्हा’ दोन तुकड्यांत मोजला जायचा, म्हणजे आपल्याला दिसणारी पाच अक्षरे नियमाप्रमाणे सहा भरायची. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड मानावीत हा नियम आला तो सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. पहिली आवृत्ती १९९१ ची. पहिलीच्या मुलाला जे कळते ते मानकाच्या पुस्तकात यायला बत्तीस वर्षे लागली. आणि मानकात आले म्हणजे तुमच्या-आमच्या प्रोग्रामात आले असे नव्हे. जुन्या सॉफ्टवेअर लायब्रऱ्या जुन्याच हिशेबाने वर्षानुवर्षे चालतात. शिवाय अक्षरांची संख्या बरोबर मोजली तरी रुंदी मोजलेली नसतेच. ‘र’ आणि ‘ऱ्हा’ ही दोन्ही एकेकच अक्षरे, पण त्यांना एका मापाचा सदरा कसा बसेल?

सीमेवरच्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. मराठीत आपण बऱ्हाणपूर लिहितो, सरकारी हिंदीत बुरहानपुर. डोळ्यांना पहिल्यात पाच अक्षरे दिसतात, दुसऱ्यात सहा. पायथनला मात्र दोन्ही नऊच. म्हणजे डोळ्यांना वेगळी दिसणारी नावे संगणकाला सारख्या लांबीची वाटतात. याच्या उलटही होते. ‘ऱ्हा’मधला तो खास मराठी अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत त्या र ला स्वतंत्र चिन्ह आहे. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला एक बऱ्हाणपूर नऊ चिन्हांचे दिसते, दुसरे दहा चिन्हांचे, आणि दोन्ही गावे वेगळी वाटतात. गावनिहाय बेरीज मागितली तर एकाच गावाच्या दोन ओळी निघतात आणि दोन्ही बेरजा अपुऱ्या. इथे प्रश्न सुबकतेचा उरत नाही. तक्ता वाकडा दिसला तर निदान शंका तरी येते. सरळ दिसणारा आणि बेरीज चुकलेला तक्ता कोण तपासायला बसणार?

आता आकड्यांकडे वळू. ते तरी शहाण्यासारखे वागतात असा आपला समज असतो.

केळीची पट्टी घ्या. छोट्या थर्मल प्रिंटरचा कागद अठ्ठावन्न मिलिमीटर रुंद असतो आणि त्यावर नेहमीच्या अक्षरांची बत्तीस घरे बसतात. नावाला बारा, वजनाला सहा, भावाला सहा, रकमेला आठ, बरोबर बत्तीस. समजा वजन भरले ५८.४० क्विंटल आणि भाव लागला १,८०० रुपये. आकडे उदाहरणाचे आहेत, बाजाराशी ताडून पाहू नयेत. रक्कम होते १,०५,१२०. आता स्वल्पविराम मोजा. आपल्या लाखाच्या पद्धतीत ही रक्कम आठ घरे घेते. इंग्रजी हजारांच्या पद्धतीत स्वल्पविराम एकच, म्हणून सात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने सात धरून वर एक घर मोकळे सोडले असेल, तर लाखाचा टप्पा ओलांडताच ते मोकळे घर आपला दुसरा स्वल्पविराम खातो. पट्टीवर भाव आणि रक्कम मिळून छापले जाते: १,८००१,०५,१२०. यात काहीही ओसंडलेले नाही. सगळे आकडे आपापल्या घरात आहेत. फक्त दोन घरांमधली भिंत नाहीशी झाली. ही चूक नव्याण्णव हजारांपर्यंत कधीच दिसत नाही, म्हणून तपासणीत सापडत नाही. ती दिसते नेमकी मोठ्या मालाच्या दिवशी.

आकडा घरात मावलाच नाही तर काय करावे, याबद्दल जुन्या संगणकभाषांचे स्वभाव वेगवेगळे आहेत आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. १०५१२० ही सहा अंकी रक्कम पाच घरांत बसवायची आहे असे धरा. १९५७ मध्ये आयबीएमने आणलेली फोरट्रान ही शास्त्रज्ञांची भाषा. तिच्या ७७ च्या मानकात नियम असा की संख्या मावत नसेल तर सगळ्या घरांत फुल्या छापायच्या. वाचणाऱ्याला आकडा मिळत नाही, पण खोटा आकडाही मिळत नाही. सी आणि तिच्या वळणाच्या भाषा नेमून दिलेल्या घरांना किमान मर्यादा मानतात. आकडा मोठा असेल तर तो पूर्ण छापतात आणि पुढचे सगळे रकाने उजवीकडे ढकलतात. ओळ वाकडी होते, रक्कम खरी राहते. व्यापारी हिशेबांसाठीच जन्मलेली कोबोल मात्र, खास बंदोबस्त केला नसेल तर, डावीकडचा जादा अंक गुपचूप कापते. १०५१२० चे ०५१२० होतात, आणि पुढची शून्ये लपवायची सोय वापरली असेल तर पट्टीवर येतात ५१२०. एक लाख जातात आणि तक्ता दिसतो अगदी रेखीव. पैशांच्या व्यवहारासाठी घडवलेल्या भाषेचा हा स्वभाव असावा, याची आम्हाला मौज वाटते आणि थोडी धास्तीही. पैशाच्या रकान्यात आमचे मत फुल्यांच्या बाजूने आहे. स्प्रेडशीटमध्ये रकाना अरुंद पडला की जाळीच्या खुणांची रांग दिसते आणि नवखा माणूस दचकतो. ते दचकणे चांगले आहे. तो कोणाला तरी विचारायला जातो.

मराठी माणसाला तक्ता नवा नाही. छापील तक्ता त्याच्या घराघरात पोहोचला तो पंचांगाच्या रूपाने. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगे आणि त्यांची घटी-पळे. चिंचोळ्या रकान्यांत हे सगळे बसवायचे तर नावे आखडती घ्यावी लागतात. म्हणून सोमवारचा ‘सो’ होतो, रोहिणीची ‘रो’, कृत्तिकेची ‘कृ’. आखूड करताना कोणी नुसता ‘र’ किंवा नुसता ‘क’ लिहिला नाही, आणि ‘कृत्’ असा जोडाक्षराचा पायही मोडला नाही. तोडायचे तर पुऱ्या अक्षरावर तोडायचे, हे त्या मंडळींना कोणी मानक छापून सांगितले नव्हते. आजचा प्रोग्राम नाव मोठे झाले की ठरलेल्या चिन्हावर कातर चालवतो. मग यादीत वेलांटी नसलेली आडनावे आणि टोकाला हलन्त लटकणारी गावे दिसतात.

बऱ्हाणपुरातच पंचांगाचा एक वेगळा नमुना आहे. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. फारुकी सुलतान आदिलशहाच्या काळातला हा लेख संवत् १६४६, शके १५११ अशी कालगणना देतो आणि तिथी, वार, नक्षत्र, योग, करण असे अख्खे पंचांग घटींसकट सांगतो. माहिती तीच, पण रकाने नाहीत. सगळे एका ओघात. दगडावर एकाच दिवसाची नोंद करायची असेल तर ओघ पुरतो. वर्षभराच्या दिवसांची तुलना करायची वेळ आली की रकाने हवेत. मजकुरी तक्त्याचे काम एवढेच आणि तेवढेच: डोळा वरून खाली सरकू शकला पाहिजे. तो सरकत नसेल तर तक्त्यापेक्षा सरळ वाक्य बरे.

मग उपाय काय? एक उपाय प्रोग्राम लिहिणारे अगदी सहज करून टाकतात, आणि त्यालाच आमचा विरोध आहे. नावे रोमन लिपीत छापायची. सात रोमन अक्षरे, सात घरे, रकाना ताठ. पण ती सात अक्षरे वाचणाऱ्याने जसोंडी वाचावे, जसोंदी की जासोंडी? रोमनमध्ये ड आणि द एकच, ऱ्हस्व-दीर्घ एकच. गावाचे एक वेळ चालेल, माणसांच्या नावांचे काय? जमिनीच्या किंवा धान्याच्या यादीत एका अक्षराच्या फरकाने दोन चुलतभाऊ वेगळे ओळखू येत असतात. वाचणाऱ्याची लिपी सोडून रकान्याची शिस्त सांभाळणे म्हणजे टोपी बसावी म्हणून डोके तासणे.

हा प्रश्न आधीच्या पिढीने सोडवायला घेतला होता, हेही सांगायला हवे. आयआयटी कानपूरमधून सुरू झालेले आणि १९८८ पासून पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेले जिस्टचे काम याच खटपटीचे होते. इंग्रजीसाठी लिहिलेले मजकुरी प्रोग्राम एक कार्ड बसवून भारतीय लिप्यांत चालवता यावेत, हा त्याचा हेतू होता. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानकही ठरले. त्यात प्रत्येक चिन्हाला एक बाइट असे, त्यामुळे बाइट आणि चिन्हे यांच्यात तिपटीचा फरक पडत नसे. चिन्ह आणि दिसणारे अक्षर यांच्यातला फरक मात्र तेव्हाही होताच. युनिकोडने जगभरच्या लिप्या एका छताखाली आणल्या, ते मोठेच काम झाले. रुंदीचा तिढा सुटला नाही, कारण रुंदी ही लिपीची नव्हे, फॉन्टची गोष्ट आहे.

जिथे शक्य असेल तिथे रुंदी फॉन्टला विचारूनच ठरवावी. संकेतस्थळाच्या पानावर तक्ता टाकायचा असेल तर स्पेस मोजत बसू नये. रकाने कोणते ते ब्राउझरला सांगावे, बाकीचे मोजमाप तो करतो. छापायच्या कागदासाठीही तसेच. हे काही अवघड नाही, तरी स्पेसचा मोह सुटत नाही. आमच्याच हातून झालेले सांगतो. एकदा बाजारभावांचा तक्ता आम्ही स्पेस देऊन डोळ्यांनी जुळवला. आमच्या पडद्यावर तो आरशासारखा दिसत होता. दुसऱ्याच्या फोनवर उघडला तेव्हा केळी आणि कापूस यांचे भाव एकमेकांच्या अंगणात गेलेले. टॅबची कळ वापरली असती तरी फार फरक पडला नसता. टॅब साधारण आठ-आठ घरांच्या टप्प्यांवर थांबतो, आणि एखादे नाव टप्पा ओलांडून गेले की त्या ओळीचा आकडा थेट पुढच्या टप्प्यावर जातो.

पण संकेतस्थळ किंवा छापील कागद नेहमीच हाताशी नसतो. पावतीचा कागद, फोनवरचा संदेश, टर्मिनलचा पडदा अशा ठिकाणी मजकुराशिवाय गत्यंतर नाही. तिथे काय करावे, हे आम्हाला संगणकाच्या पुस्तकापेक्षा जुन्या पेढीवरच्या वहीने जास्त नीट सांगितले.

देशी पद्धतीची रोकड वही आठवा. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. तिच्या पानावर शाईने आखलेली एकही रेघ नसते. पानाला घड्या घालून वळ्या पाडलेल्या असतात, त्याला व्यापारी सल म्हणतात. आठ सलांच्या पानावर डावे चार जमेचे, उजवे चार नावेचे. प्रत्येक बाजूचा पहिला सल म्हणजे सिरा. त्यात फक्त रक्कम. उरलेले तीन सल मिळून पेटा. त्यात कोणाचे, कशाचे, कुठले, हा सगळा तपशील. रक्कम आधी, नाव नंतर. इंग्रजी वळणाच्या तक्त्याच्या अगदी उलट. मुनीमजींनी हे का केले याची कारणे ते जाणोत, पण आपल्या अडचणीला ते चपखल लागू पडते. आकड्यांची रुंदी आधी सांगता येते. बहुतेक फॉन्टांत अंक एकाच मापाचे असतात, आणि सगळ्यात मोठी रक्कम किती घरांची होईल याचा अंदाज बांधता येतो. नावाचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून ज्याचा भरवसा आहे ते आधी आणि ज्याचा नाही ते शेवटी. शेवटच्या रकान्यानंतर बिघडायला काही उरतच नाही. वर सांगितलेली चार गावे तशी मांडून पाहू. पहिला आकडा डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांचा, दुसरा युनिकोडच्या चिन्हांचा, तिसरा बाइटांचा:

३   ६   १८   जसोंडी
५   ९   २७   बऱ्हाणपूर
३   ५   १५   रावेर
४   ५   १५   खकनार

नावे कितीही आखूड-लांब होवोत, आकडे हलत नाहीत. मात्र उजव्या कडेला उभी दांडी काढून चौकट पूर्ण करायचा हट्ट धरू नये. ती दांडी नावानंतर येते आणि सगळे वाकडेपण तिच्यावर उमटते. ओळीच्या शेवटी मोकळे मैदान सोडावे.

या सल्ल्याला एक अपवाद आहे आणि तो झाकून ठेवणे बरे नाही. दृष्टिहीन वाचक फोनकडून यादी वाचून घेतो तेव्हा आधी तीन आकडे आणि मग गावाचे नाव हा क्रम त्याला जाचतो. आकडे ऐकताना ते कोणाचे आहेत हे माहीत नसते, आणि नाव येईपर्यंत आकडे विसरायला होतात. शिवाय रेघांची सजावट असेल तर कित्येकदा ‘डॅश, डॅश, डॅश’ असे पारायण ऐकावे लागते. अशा वाचकासाठी प्रत्येक गावाचे एक साधे वाक्य करून देणेच योग्य. एकच माहिती दोन रूपांत द्यायला प्रोग्रामला कष्ट पडत नाहीत, लिहिणाऱ्याच्या मनात यायला हवे.

आता पुन्हा त्या बत्तीस घरांच्या पट्टीकडे. तिथे सिरा-पेट्याचीही मात्रा पुरत नाही, कारण तीन आकडे मांडून झाल्यावर नावाला उरते ती जेमतेम वीतभर जागा. शिवाय स्वस्त प्रिंटरांत बहुधा देवनागरी अक्षरेच नसतात. मजकुराचे चित्र करून पाठवावे लागते, आणि म्हणून बरेच जण कंटाळून रोमनकडे वळतात. इथे नावाला त्याची स्वतःची अख्खी ओळ द्यावी. चित्र करायचे तर त्या एका ओळीचे करावे. आकडे प्रिंटरच्या स्वतःच्या अंकांत दुसऱ्या ओळीवर, वजनाला आठ घरे, भावाला दहा, रकमेला चौदा. कागद प्रत्येक नोंदीमागे एक ओळ जास्त जातो, म्हणजे साधारण तीन-चार मिलिमीटर. त्या चौदा घरांत १,०५,१२० उजवीकडे टेकून बसतात, डावीकडे सहा घरे मोकळी राहतात, आणि वरच्या ओळीत जसोंडी आपल्या तीन अक्षरांनिशी, अनुस्वारासकट, पूर्ण उमटते.